अकोल्यापर्यंत आलेला पक्ष

१९२६ सालच्या फेब्रुवारीत अकोल्याला एक परिषद भरली आणि तिच्यातून प्रतिसहकार पक्ष उभा राहिला. मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, पुण्याचे नरसिंह चिंतामण केळकर, नागपूरचे डॉ. मुंजे आणि यवतमाळचे बापूजी अणे ही त्यातली ठळक नावे. त्याच वर्षाच्या अखेरीस, काँग्रेस दूर आसामात गुवाहाटीला भरली असताना, नॅशनल लिबरल फेडरेशनचे, म्हणजे मराठी वर्तमानपत्रे ज्याला प्रागतिक किंवा नेमस्त पक्ष म्हणत त्याचे अधिवेशन अकोल्यातच झाले. अध्यक्ष होते मद्रासचे सर पी. एस. शिवस्वामी अय्यर. कापसाच्या बाजारपेठेच्या एका जिल्ह्याच्या गावी वर्षभरात देशातले दोन मध्यममार्गी पक्ष येऊन जातात, ही गोष्ट आपल्या राजकीय इतिहासाच्या ठरलेल्या मांडणीत बसत नाही. त्या मांडणीप्रमाणे नेमस्तांचा अवतार सुरतेला संपला, उरलेसुरले १९२० च्या नागपूर काँग्रेसने संपवले, आणि पुढे जे घडले ते गांधी आणि सरकार या दोघांमध्येच. अकोल्याचे १९२६ हे साल या मांडणीविरुद्धचा पुरावा आहे. मधली वाट वऱ्हाडात १९२० नंतरही जिवंत होती, तिच्याकडे माणसे होती, युक्तिवाद होता, काही काळ सत्ताही होती. ती हरली ती भित्रेपणामुळे नाही आणि विचारांच्या दारिद्र्यामुळेही नाही. ती अकोल्यापर्यंत आली आणि पातूरला गेली नाही, म्हणून हरली.

पातूर इथे मुद्दाम घेतले आहे. अकोल्याहून वाशीमच्या रस्त्याने तीस-पस्तीस किलोमीटरवर, सपाटी संपून डोंगर सुरू होतो तिथे हे गाव आहे. त्या काळी ते बाळापूर तालुक्यात होते. शेखबाबूंच्या दर्ग्यामुळे जुन्या कागदांत त्याचे नाव पातूर शेखबाबू असे सापडते. रेल्वे त्याला कधी लाभली नाही. मुंबई-नागपूर मार्ग अकोल्यावरून गेला, पुढे अकोल्याहून वाशीम-पूर्णेकडे निघालेली लाइनही बार्शीटाकळीवरून गेली. मध्यममार्गी पुढारी अकोल्यात जमत, त्याचे एक साधे कारण हेच असावे: मुंबई, पुणे, नागपूर आणि यवतमाळ या सगळ्यांना ते रेल्वेने सोयीचे होते. रेल्वे जिथे थांबत नाही त्या गावात राजकारण कसे पोचते, कोण पोचवतो आणि कोणत्या प्रश्नाच्या पाठीवर, ही एखाद्या पक्षाची खरी कसोटी असते. वऱ्हाडातल्या पक्षांना ही कसोटी इतर प्रांतांपेक्षा लवकर लागली.

ती लवकर का लागली, हे समजायला वऱ्हाडची कायद्यातली विचित्र जागा ध्यानात घ्यावी लागते. १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला; १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने तो वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने घेतला आणि १९०३ पासून तो मध्यप्रांताला जोडला गेला. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. त्यामुळे कायदेकौन्सिले आल्यावरही वऱ्हाडचे प्रतिनिधी मतदारांनी निवडायचे आणि मग सरकारने त्यांना ‘नेमायचे’ असा द्राविडी प्राणायाम करावा लागे. अशा प्रदेशात हक्काची भाषा बोलायला वकीलच लागतात, आणि वऱ्हाडात ते भरपूर होते. दुसरी गोष्ट जमिनीची. नागपूरकडे मालगुजारी होती, वऱ्हाडात रयतवारी. इथला शेतकरी स्वतःच्या नावाने सरकारात सारा भरणारा खातेदार होता. १९१९ च्या सुधारणांनी मताचा हक्क साऱ्याशी बांधला, तेव्हा तो मोठ्या जमीनदारांबरोबर बऱ्या जमिनीच्या कुणबी-मराठा-माळी खातेदारालाही मिळाला. एकूण लोकसंख्येत हे मतदार फार थोडे होते. पण ते खेड्यात राहत होते, आणि त्यांची मते वकिलाच्या बैठकीत बसून मिळण्यासारखी नव्हती.

या वकिलांची पहिली पिढी अमरावतीची. रघुनाथ नरसिंह मुधोळकर नेमस्त, दादासाहेब खापर्डे टिळकांचे. एकाच बारमधले दोघे वकील पुढे विरुद्ध तटांचे पुढारी झाले. १८९७ साली अमरावतीला काँग्रेसचे तेरावे अधिवेशन सर शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली झाले, तेव्हा स्वागताध्यक्ष खापर्डे होते. १९०७ चे अधिवेशन नागपूरला ठरलेले असताना दोन तटांच्या भांडणामुळे ते सुरतेला हलवावे लागले आणि तिथे काँग्रेस फुटली. १९१२ मध्ये मुधोळकर बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष झाले. इथपर्यंतची कथा सर्वांना ठाऊक आहे. कमी सांगितली जाते ती पुढची. टिळकांसाठी विलायतेला गेलेले खापर्डे १९२० नंतर असहकारात न शिरता काउन्सिल ऑफ स्टेटमध्ये गेले. नेमस्तांचे अमरावतीकर मोरोपंत जोशी मध्यप्रांताच्या कार्यकारी मंडळात गृहखाते सांभाळत होते आणि १९२५ साली कलकत्त्याच्या लिबरल अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. म्हणजे वीस वर्षांपूर्वी ज्या दोन तटांनी काँग्रेस फोडली, त्यांची वऱ्हाडातली माणसे कौन्सिलच्या दारापाशी पुन्हा जवळ आली. स्वतः टिळकांनी १९१९ च्या डिसेंबरात अमृतसरला प्रतियोगी सहकारितेची भूमिका घेतलेली होती: सुधारणा अपुऱ्या आहेत हे बजावून सांगायचे, तरी मिळाल्या तेवढ्या राबवायच्या आणि सरकार जितके पुढे येईल तितके आपण पुढे जायचे. टिळकांचे नाव पाठीशी असल्यामुळे महाराष्ट्रात आणि वऱ्हाडात ही वाट नेमस्तीचा कलंक न लागता चालता येत होती, हे तिचे इथले खास बळ.

१९२३ च्या निवडणुकीत, कौन्सिलात शिरून आतून अडवणूक करायची असे ठरवलेल्या स्वराज्य पक्षाला देशभर एका मध्यप्रांतातच निर्विवाद बहुमत मिळाले. त्याचा उपयोग त्यांनी जाहीरनाम्याप्रमाणेच केला. सर शंकरराव चिटणवीस आणि सय्यद हिफाजत अली हे मंत्री होते. कौन्सिलाने मंत्र्यांचा पगार वर्षाला २ रुपये ठरवला. मंत्र्यांनी राजीनामे दिले, गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी सोपीव खाती स्वतःकडे घेतली, आणि द्विदल राज्यपद्धती या प्रांतात बंद पडली. विजय पूर्ण होता. पण त्या विजयाने शिक्षण, शेती, स्थानिक स्वराज्य ही जी खाती लोकांच्या प्रतिनिधींकडे येऊ शकत होती, तीच परत साहेबाच्या टेबलावर गेली. दुसऱ्याच वर्षी मध्यप्रांतातल्या स्वराज्यवाद्यांना हा प्रश्न टोचू लागला, आणि त्यांच्यात वऱ्हाडचे लोक पुढे होते. याला त्यांची सत्तेची हाव म्हणण्याआधी एवढे तरी मान्य करावे की ज्या प्रांतात अडवणूक पूर्ण यशस्वी झाली त्याच प्रांतात तिच्यावर पहिली शंका घेतली गेली. इतर प्रांतांतल्या पुढाऱ्यांना अडवणुकीची स्वप्नेच पाहता आली. तिचे फळ हातात घेऊन पाहण्याची पाळी इथल्यांवर आली होती.

ठिणगी पडली ती ऑक्टोबर १९२५ मध्ये. मोरोपंत जोशींची मुदत संपून गृहखात्याची जागा रिकामी झाली आणि ती अमरावतीच्याच श्रीपाद बळवंत तांबे यांनी स्वीकारली. तांबे स्वराज्य पक्षाचे, त्याच कौन्सिलाचे अध्यक्ष. पक्षाची शपथ अधिकारपद न घेण्याची, आणि पक्षाचाच माणूस गव्हर्नरच्या मंडळात. मोतीलाल नेहरूंनी या कृत्याचा कठोर धिक्कार केला. सडलेला अवयव कापून टाकावा, अशा आशयाचे त्यांचे बोलणे महाराष्ट्रात फार झोंबले. केळकर-जयकरांनी तांब्यांची बाजू घेतली, कारण त्यांच्या मते प्रश्न एकट्या तांब्यांपुरता नव्हता. त्याच साली ऑगस्टमध्ये विठ्ठलभाई पटेल मध्यवर्ती असेंब्लीचे अध्यक्ष झाले होते. मोतीलालजी स्वतः लष्करी शिक्षणासंबंधीच्या स्कीन कमिटीवर बसले होते. अध्यक्षपद चालते, कमिटी चालते, मग मंत्रिपद किंवा कार्यकारी मंडळ का चालू नये? या प्रश्नाला स्वराज्य पक्षाकडे तत्त्वाचे उत्तर नव्हते, शिस्तीचे होते. माझ्या मते शिस्तीचे उत्तरही खरे उत्तर असते. पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेल्याने पक्षाला न विचारता पद घेणे हा मतदाराचाही विश्वासभंगच, आणि तांब्यांचा दोष तेवढा पदरात घालावाच लागतो. पण त्या दोषामुळे केळकर-जयकरांचा युक्तिवाद खोटा ठरत नाही. अकोल्याची फेब्रुवारीतली परिषद या युक्तिवादाला पक्षाचे रूप द्यायला भरली होती.

एप्रिलमध्ये साबरमतीला दोन्ही गटांचा समझोता झाला: मंत्र्यांना पुरेसे अधिकार मिळाले तर पदे घ्यायला हरकत नाही. ‘पुरेसे’ म्हणजे किती यावर तो काही आठवड्यांतच मोडला. नोव्हेंबरच्या निवडणुकीत मध्यप्रांतातले स्वराज्य पक्षाचे बहुमत गेले. १९२७ मध्ये बिलासपूरचे राघवेंद्र राव आणि अमरावतीचे रामराव देशमुख मंत्री झाले, पगार मंजूर झाला, आणि बंद पडलेली द्विदल पद्धती पुन्हा चालू झाली. १९२९ मध्ये तांबे काही काळ प्रांताचे हंगामी गव्हर्नर होते. ज्या पक्षाला इतिहासात जेमतेम तळटीप मिळते, त्याने एका प्रांताचे राजकारण फिरवले होते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे सगळे सरकारधार्जिणे. आक्षेपात तथ्य असते तर पुढच्या घटना वेगळ्या घडल्या असत्या. सायमन कमिशनवर एकही हिंदी माणूस नाही म्हणून तिच्यावर बहिष्कार घालणाऱ्यांत लिबरलही होते. नेहरू रिपोर्टच्या कमिटीवर लिबरलांचे सप्रू होते आणि प्रतिसहकार पक्षाचे अणेही होते. १९३० मध्ये वऱ्हाडातला जंगल सत्याग्रह पुसदला सुरू झाला तेव्हा तुरुंगात जाणाऱ्यांच्या अग्रभागी हेच अणे होते, आणि १९३३ मध्ये काँग्रेसचे कार्यवाहक अध्यक्षही तेच. गांधी-आयर्विन कराराच्या आणि पुढे पुणे कराराच्या वेळी ये-जा करून दोन्ही बाजू जुळवणारे सप्रू आणि जयकर, एक लिबरल आणि एक प्रतिसहकारवादी, हे तर अकोल्याच्या दोन परिषदांचेच जणू प्रतिनिधी. पद घेऊन काम करणे आणि वेळ आली तर पद सोडणे या दोन्ही गोष्टी एका माणसाला साधू शकतात, हे अण्यांच्या चरित्रात पुन्हा पुन्हा दिसते. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात गेले आणि गांधीजींच्या १९४३ च्या उपवासाच्या वेळी बाहेर पडले.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. प्रतिसहकारवाद्यांना उदारमतवादी म्हणायचे कसे? केळकर १९२५ मध्ये हिंदुमहासभेच्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते, मुंजे १९२७ मध्ये. नेहरू रिपोर्टवर सही करणारे अणे १९३४ मध्ये जातीय निवाड्याच्या प्रश्नावर मालवीयांबरोबर काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्षात गेले. घटनेच्या बाबतीत हे लोक सप्रूंच्या जवळ आणि हिंदु-मुसलमान प्रश्नावर त्यांच्यापासून दूर. हे झाकून मधल्या वाटेचा गौरव करणे प्रामाणिकपणाचे नाही. आणि याची किंमत नेमकी कुठे मोजावी लागली, ते बाळापूर-पातूरकडे पाहिले की कळते. या पट्ट्यात मुस्लिम वस्ती मोठी आणि जुनी. दर्गा, मोमीन, बागवान, कापसाचे व्यापारी, सगळे एका बाजारात. स्वतंत्र मतदारसंघांनी त्यांची मते आधीच वेगळी काढली होती. त्यांच्यापर्यंत जायची खटपट करण्याऐवजी प्रतिसहकार पक्षाचे मोठे पुढारी हिंदुमहासभेच्या व्यासपीठांवर गेले. अकोल्यातली त्यांची भाषा घटनेची, सवलतींची, हळूहळू हक्क वाढवण्याची होती. ती तत्त्वतः सर्वांची भाषा होती. तीच माणसे दुसऱ्या दिवशी दुसऱ्या सभेत एका समाजाची भाषा बोलू लागली, की पहिल्या भाषेवर कोण विश्वास ठेवणार?

शुद्ध लिबरलांकडे हा दोष नव्हता. त्यांच्याकडे संघटनाच नव्हती. नागपूरला १९२२ मध्ये श्रीनिवास शास्त्रींच्या अध्यक्षतेखाली आणि अकोल्याला १९२६ मध्ये, अशी चार वर्षांत दोन अधिवेशने या प्रांतात होऊनही फेडरेशन म्हणजे दरवर्षी नाताळात भरणारी विद्वानांची परिषदच राहिली. नागपूरचा ‘हितवाद’ हे गोखल्यांच्या परंपरेतले पत्र त्यांचे, पण ते इंग्रजी. ठराव उत्तम, आकडे बिनचूक, भाषा संयमाची. आणि वर्षभर तालुक्यात काम करणारा एकही माणूस नाही. काँग्रेसकडे निदान चरखा, वर्गणी आणि मिरवणूक होती.

पातूरसारख्या गावात जो रस्ता मोकळा राहिला होता, त्यावरून कोण आले? ब्राह्मणेतर चळवळ आली. पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख विलायतेहून शिकून आले. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून ते झगडले, १९३० मध्ये प्रांताचे मंत्री झाले, आणि त्यांच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने वऱ्हाडभर शाळा काढल्या. त्यांनी कौन्सिल नाकारले नाही, कायदा नाकारला नाही. केळकर-जयकर ज्या मार्गाचे समर्थन करत होते त्याच मार्गाने ते चालले, फक्त खेड्यातून निघून. कापसाचे भाव १९३० नंतर कोसळले आणि खातेदार सावकाराच्या वहीत बुडाला, तेव्हा मध्यप्रांत सरकारने १९३३ मध्ये कर्ज-तडजोडीचा कायदा केला. देशातल्या या प्रकारच्या पहिल्या कायद्यांपैकी तो होता. कौन्सिलातून शेतकऱ्याच्या दारापर्यंत काही पोचू शकते, याचा एवढा ठळक दाखला दुसरा नाही. अकोल्याच्या मध्यममार्गी पुढाऱ्यांनी १९२६ मध्ये आपल्या ठरावांच्या अग्रभागी मंत्र्यांच्या अधिकारांऐवजी हे कर्ज ठेवले असते, तर त्यांच्या पक्षाचे आयुष्य वेगळे झाले असते असे मी मानतो.

१९३७ मध्ये काय घडले ते पाहिले की या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग कळतो. मोठ्या मतदारसंख्येच्या पहिल्या निवडणुकीत काँग्रेसला ११२ पैकी सुमारे ७० जागा मिळाल्या आणि काही महिन्यांच्या घासाघिशीनंतर काँग्रेसने मंत्रिपदे घेतली. १९२५ मध्ये ज्या कृत्याबद्दल तांब्यांना अवयवासारखे कापून टाकायचे होते, ते बारा वर्षांनी पक्षाचे अधिकृत धोरण झाले. डॉ. ना. भा. खरे यांच्या त्या मंत्रिमंडळात वऱ्हाडचे दोन मंत्री होते: १९२७ चे प्रतिसहकारवादी मंत्री रामराव देशमुख आणि अकोल्याचे पुरुषोत्तम बळवंत गोळे. मध्यममार्गी पक्ष संपला, कारण त्याचा मार्ग काँग्रेसने उचलला आणि त्याची माणसेही. पुढे राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारींनी काँग्रेसचे वर्णन सर्व प्रवाहांना पोटात घेणारी मध्यवर्ती व्यवस्था असे केले. वऱ्हाडात ती व्यवस्था घडताना १९३७ मध्येच दिसते. तिची दुसरी बाजूही लगेच दिसली. वर्षभरात खऱ्यांचा आणि वर्किंग कमिटीचा झगडा झाला, १९३८ च्या जुलैत खरे बाहेर पडले आणि त्यांच्याबरोबर देशमुख आणि गोळे हे दोघेही. पोटात घेतलेल्या मध्यममार्गीयांना स्वतःचा आवाज उरला नव्हता. त्यांच्या मागे स्वतःचा मतदार असता तर त्यांना बाहेर काढणे इतके सोपे गेले नसते.

स्वातंत्र्यानंतर राजाजींचा स्वतंत्र पक्ष १९६७ मध्ये लोकसभेत ४४ जागांपर्यंत गेला, पण महाराष्ट्रात त्याला पाय रोवता आले नाहीत. इथली मधली जागा काँग्रेसने सहकारी संस्था, जिल्हा परिषदा आणि शिक्षणसंस्थांनी भरून टाकली होती. उदारमताचा झेंडा उघडपणे घेऊन वऱ्हाडात खेड्यातून राजकारण करणारा पहिला माणूस शरद जोशी. १९७२ पासूनच्या कापूस एकाधिकार खरेदीने शेतकऱ्याच्या कापसाला एकच गिऱ्हाईक, सरकार, ठेवले होते. त्याविरुद्ध शेतकरी संघटनेने १९८० च्या दशकात विदर्भ पेटवला, आणि १९९४ मध्ये जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. त्याला विधानसभेत मिळाल्या त्या मोजक्या जागा. २००४ मध्ये राजुऱ्याची एक. इथे कायद्याचाही अडथळा होता हे सांगितले पाहिजे: १९८९ च्या दुरुस्तीपासून नोंदणी करणाऱ्या प्रत्येक पक्षाला समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी लागते, आणि राज्यसभेत असताना जोशींनी ती अट हटवण्याचे खासगी विधेयक मांडले होते. तरी अट हे पराभवाचे मुख्य कारण नव्हे. अकोला जिल्ह्यात काँग्रेसच्या पलीकडची जागा तोपर्यंत प्रकाश आंबेडकरांच्या भारिप बहुजन महासंघाने घेतली होती. त्यांनी लहान जातींची गावोगाव मोट बांधली, जिल्हा परिषद हाती घेतली, आणि पातूर ज्या बाळापूर मतदारसंघात येते तिथून २००९ आणि २०१४ मध्ये त्यांचे बळीराम सिरस्कार निवडून आले. शेतमालाच्या भावाचा प्रश्न सर्व शेतकऱ्यांचा होता, पण मत मागताना पातूरच्या गल्लीत माणसाला त्याच्या समाजाच्या नावानेच हाक मारली जात होती, आणि त्या हाकेला उदारमतवाद्यांकडे शंभर वर्षांत उत्तर तयार झाले नव्हते.

२०१९ च्या १० जूनला अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेच्या लोकांनी सरकारी मान्यता नसलेले तणनाशकसहिष्णू कापसाचे बियाणे उघडपणे पेरले. आपल्या शेतात कोणते बी पेरायचे हे आपण ठरवू, ही त्यांची मागणी. शिवस्वामी अय्यरांनाही तत्त्व म्हणून ती पटली असती. मार्ग मात्र त्यांचा नव्हता. कायदा मोडून, गुन्हे अंगावर घेऊन, शेतात उभे राहून ती मागणी केली गेली. १९२६ च्या अकोल्याने नाकारलेले हत्यार त्याच जिल्ह्यात उदारमताच्या कामी आले, आणि वर्तमानपत्रांत ते गाजलेही. पण चार महिन्यांनी झालेल्या विधानसभा निवडणुकीत जिल्ह्यातल्या एकाही मतदारसंघात त्या मागणीने निकाल ठरवला नाही.